बिडात ओतलेलं गाव

काकती
२१ नोव्हेंबर १९८३

चि. जोतिबास,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे. तो मी शेवटाला बघीन, कारण हे पत्र कुठल्या सुरात जाणार आहे ते माझं मलाच अजून कळलेलं नाही.

तुझं पार्सल पोचलं. पोस्टमन देवाप्पाने ते आधी सगळ्या गल्लीला दाखवलं आणि मग माझी सही घेतली. खोक्यावर छापील चिकटपट्टी होती, तुझं आणि तुझ्या बायकोचं नाव, खाली पत्ता. तुझ्या हाताचं अक्षर कुठंच नाही. आतला कागदाचा चुरा मी परातीत पसरून बघितला, वरचा तपकिरी कागद दोन्ही बाजूंनी बघितला. पत्र नाही, चिठ्ठी नाही.

तुझ्या लग्नाची बातमी लग्न होऊन दोन महिन्यांनी आली. तिला मी उत्तर दिलं नाही आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. तुझी आई गेली तेव्हा तार केली. तू आला नाहीस, एक छापील कार्ड आलं, पांढऱ्या फुलांचं. परदेशी बाईच्या नादाने पोरगा आईला सुद्धा विसरला, असं मी तेव्हा चार माणसांत बोललो आणि ते मागे घेणार नाही. तेव्हापासून तू गप्प, मी गप्प. आणि आता मध्येच हे लाकूड.

लाकूड चांगलं आहे. वीतभर उंच, अंगठ्याएवढं जाड, एका इमारतीच्या आकारात कापलेलं. पुढून रंगवलेलं आहे: लाल विटा, पांढरे खांब, वर घड्याळाचा मनोरा, दाराशी बाकडं, दिव्याचा खांब आणि एक घोडागाडी. घोडागाडी बघून मी चक्रावलो. अमेरिकेत अजून टांगे चालतात काय? दारावर इंग्रजी अक्षरं आहेत. मालू म्हणाली, कोर्ट. पाठ मात्र सपाट, कोरी, आणि खाली कोपऱ्यात बारीक सही, 'सी. के.'

मालू निपाणीहून दोन दिवसांसाठी आली होती. तिनं ते हातात घेतलं आणि लगेच निकाल दिला. "आप्पा, हे शोकेसात ठेवायचं असतंय. दादानं तुमास्नी बघाय म्हणून धाडलंय."

मी म्हटलं, "नुसतं बघाय? सात समुद्र वलांडून?"

"व्हय. लोक ठेवतात की."

मला ते पटत नाही. तुझा बाप सबंध आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेत, ओतकामाच्या कारखान्यात पॅटर्न करत आला आणि हे तुला ठाऊक आहे. जी वस्तू बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात ओतायची तिचा लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न, हे तू चड्डीत होतास तेव्हापासून लोकांना सांगत सुटायचास. सपाट पाठीचा पॅटर्न सगळ्यात सोपा. फळीवर ठेवायचा, भोवती पेटी, वरून वाळू ठोकून भरायची, पॅटर्न अलगद उचलायचा, राहिलेल्या ठशात वितळलेल्या बिडाचा रस ओतायचा. तू पाठवलेली वस्तू मला तरी दुसरं काही दिसत नाही. सही आहे तीसुद्धा ड्रॉइंग तपासणाऱ्या साहेबाची असणार.

फक्त एक सांग, तुमच्या तिथं पॅटर्न करणारा कोण आहे? बाजू सगळ्या काटकोनात सरळ. उतार अजिबात दिलेला नाही. असा पॅटर्न वाळूतून उचलला तर कडा ढासळणार, हे आमच्याकडे झाडलोट करणाऱ्यालाही कळतं.

तेव्हा विचारतो: नग किती? बीड की पितळ? कशासाठी? तुझ्या फॅक्टरीला पाहिजेत की तुझा स्वतःचा धंदा? माझी आठवण तुला कामासाठी आली असली तरी मला चालेल. माझी एकच अट आहे. माल मी ओतून देईन, पण तो बघायला तू स्वतः यायचंस. एकदा या ओसरीवर येऊन बस. मग मी काय बोलायचं ते बोलेन, तू काय बोलायचं ते बोल.

आशीर्वाद लिहायला जागा उरली नाही.

परशराम काकतकर


काकती
१२ फेब्रुवारी १९८४

चि. जोतिबा,

तुझं उत्तर नाही. नग किती तेही नाही, धातू कुठला तेही नाही. गिऱ्हाईक असं वागलं असतं तर मी पॅटर्न परत पाठवून दिला असता. पण तू पोटचा, म्हणून एक नग बिडात काढला.

आधी बाजूंना उतार दिला. त्यासाठी कडा घासाव्या लागल्या, त्यात थोडा रंग गेला. मग लक्षात आलं की खिडक्या, खांब, घड्याळ हे सगळं नुसतं रंगवलेलं आहे, आणि रंग काही वाळूत उमटत नाही. म्हणून पुढची बाजू साफ केली आणि पटाशीनं खिडक्या खोदल्या, खांब उठवले. घोड्यावर फार वेळ गेला. त्याचे पाय एवढे बारीक की वाळूत टिकेनात. वाळूचे साचे भरणारा शामू मोल्डर माझ्यावर वैतागला.

"परशरामदादा, घोडा काढून टाका. गाडी राहू दे नुसती."

"बिनघोड्याची गाडी कोर्टात कशी जाईल रं?"

"मग पाय जाड करा. हत्तीचं करा."

पाय जाड केले. घोडा आता बैलासारखा दिसतो, पण उभा आहे. पहिल्या खेपेला मनोरा अर्धाच भरला, दुसऱ्या खेपेला सगळं नीट आलं. आण्णाप्पा मालकांनी भट्टीतला रस वापरू दिला, आणि नग हातात घेऊन ते बराच वेळ हसले. "अमेरिकेचं कोर्ट उद्यमबागेत सुटलं," म्हणाले. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. मी त्यांना सांगितलं, पोराची ऑर्डर आहे.

मालूला रंग खरवडल्याचं कळल्यावर ती माझ्याशी नीट बोलेना. "एवढं देखणं हुतं, काय केलासा ह्ये," म्हणाली आणि आत जाऊन भांडी घासत बसली. तिला कामातलं कळत नाही. तरी तिचा चेहरा बघून मी जरा गोंधळलो, हे तुला सांगतो.

बिडाचा नग बोटीच्या पोस्टानं पाठवला आहे. तुझ्याच खोक्यावरची छापील चिकटपट्टी कापून त्यावर लावली, म्हणजे पत्ता चुकायला नको. पार्सलात पत्र घालायचं नाही असं पोस्टात सांगितलं, म्हणून हे वेगळं, तुझ्या नावानं.

तू घरात कुठल्या वेळी असतोस? पत्र कोण उघडतं? वाचतोस तरी काय? एवढंच कळलं तरी पुढचं सोपं होईल.

परशराम


काकती
९ डिसेंबर १९८४

चि. जोतिबा,

आज मी खुशीत आहे, तेव्हा आशीर्वाद आधीच देऊन टाकतो. अनेक आशीर्वाद.

दुसरं पार्सल आलं. या वेळी न्हाव्याचं दुकान. दाराशी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब, आत खुर्ची, बाहेर बाकड्यावर दोन म्हातारे बसलेले. पाठीवर तीच सही. पत्र याही वेळी नाही, पण आता मला त्याचा अर्थ लागला. आमच्या कामात नमुन्याचा नग चुकला तर तो लाल खूण करून परत येतो. बरोबर असला तर परत काहीच येत नाही, पुढचा पॅटर्न येतो. तू माझंच वळण उचललंस. बोलायचं नाही, काम पुढं सरकवायचं. म्हणजे कोर्ट पास झालं.

हे मी शामूला सांगितलं, मालकांना सांगितलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या बोरगावच्या एका गृहस्थांनाही सांगितलं. त्यांनी विचारलं, "मुलगा कधी यायचा?" मी म्हटलं, "काम पुरं झालं की." बोलून गेलो, आणि मग वाटलं की हे काम पुरं कधी होणार? कोर्ट झालं, न्हावी झाला. एका गावात किती इमारती असतात? तू सगळं गाव ओतून घेणार आहेस काय? तोवर मी राहीन काय?

हे दुकान मला फार आवडलं. तुला पहिल्यांदा केस कापायला गणपत गल्लीतल्या दुकानात नेलं होतं, तेव्हा तू खुर्चीच्या हातांवरची फळी धरून बसलास आणि शेवटपर्यंत सोडली नाहीस. खुर्ची खोदताना ते आठवलं. खुर्चीत माणूस रंगवलेला नव्हता. मी एक लहान डोकं घातलं आहे. ते मूळ पॅटर्नात नाही, पण त्यानं नग बिघडत नाही. ओतलेला नग बोटीनं येईल, डोकं नको असेल तर कळव, पुढच्या नगात काढून टाकतो.

मालूचं म्हणणं बदललेलं नाही. ती आता मला काही सांगत नाही, फक्त म्हणाली, "त्याला सरळ इचारा की आप्पा, येतोस का न्हाईस म्हणून." तर हे विचारलं. येतोस का?

तुझा आप्पा


काकती
१९ जानेवारी १९८६

चि. जोतिबा,

तुला एक विचारायचं आहे, पण ते नीट सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

तिसरं पार्सल नाताळच्या सुमाराला आलं. या वेळी घर. दुमजली, पांढरं, पुढं लाकडी ओसरी, ओसरीत टांगलेला झोपाळा, कुंपणाला फाटक. कोर्ट झालं, दुकान झालं, आता घर, हे मला ठीक वाटलं. पण पाठ नेहमीसारखी कोरी नव्हती. सहीच्या वर लाल रेघा होत्या, जाड, मेणाच्या खडूच्या. काही कडेवरून पुढच्या बाजूलाही गेल्या होत्या.

आता आमच्याकडे पॅटर्नवर लाल म्हणजे तो भाग जसाच्या तसा सोडायचा, पिवळा म्हणजे मशीनवर घ्यायचा. मी आठवडाभर त्या रेघांचा अर्थ लावत होतो. पाठ जशीच्या तशी सोडायची हे कळलं. पण कडेला का? आणि रेघा गोल का? मालकांना दाखवलं, त्यांनाही सांगता येईना. शामू म्हणाला, साहेबानं खडू उमटतोय का ते बघितलं असणार. शेवटी मी तो गिऱ्हाइकाच्या साहेबाचा गबाळेपणा धरला आणि पॉलिश पेपर घेऊन पाठ स्वच्छ घासली. मेण लाकडात बसलं होतं. बरंच घासावं लागलं.

संक्रांतीला मालू आली. मी तिला घर दाखवलं आणि रेघांची गंमत सांगितली. तिनं हसायला पाहिजे होतं. तिनं विचारलं, "रेघा कशा हुत्या?"

मी बोटानं ओट्यावरच्या पिठात काढून दाखवल्या. गोल, गोल, एकावर एक, आणि मध्येच एक लांब निसटलेली.

तिनं त्या निसटलेल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आमची कमळी दोन वरसाची हुती तवा भिताडावर अशाच काढायची."

जोतिबा, तुला मूल आहे काय?

हे मी घाईनं विचारत नाही. चार दिवस झाले, रोज कामावर जातो, रंधा हातात धरतो आणि ठेवतो. एकदा वाटतं मालूला प्रत्येक गोष्टीत पोरं दिसतात. एकदा वाटतं की तुझा बाप आंधळा आहे. तू कुठल्या कामासाठी हे पाठवतोस ते मला आता अजिबात समजत नाही. पॅटर्न असता तर त्यावर पोराला कोण रेघा मारू देईल? आणि पॅटर्न नसला तर काय आहे?

घर मी ओतलेलं नाही. मालूच्या हातून जोंधळ्याच्या कणगीवर ठेवलंय. एक ओळ लिही. मूल आहे, किंवा मूल नाही. दुसरं काही लिहू नकोस हवं तर.

आप्पा


काकती
५ ऑक्टोबर १९८६

जोतिबा,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला ठाऊक नाही, तरी लिहितोय. आजवर जे लिहिलं तेही तुला मिळालं नाही, हे परवा कळलं. त्यामुळे फरक काही नाही.

आण्णाप्पा मालक मशीनचं प्रदर्शन बघायला शिकागोला गेले होते. जायच्या आधी मी त्यांना तुझा पत्ता दिला, जवळ असेल तर डोकावून या म्हटलं. जवळ नव्हतं. त्यांच्या ओळखीच्या गृहस्थांनी त्यांना दिवसभर मोटार चालवून तिथं नेलं. आल्यावर त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि चहा सांगितला. मालकांनी चहा सांगितला तेव्हाच मी ओळखलं की बातमी चांगली नाही.

"परशराम, जोती तिथं न्हाई."

मी म्हटलं, "कामावर गेला आसंल."

"तसं न्हवं. तीन वरसं झाली. फॅक्टरी बंद पडली, काम बघाय म्हणून टेक्ससला गेला. आधी फोन यायचा, पत्र यायचं. मग बंदच झालं. त्येच्या बायकूलाबी ठावं न्हाई कुठं हाय."

"मग ती पार्सलं कुणी धाडली?"

"तिनंच. तुझ्या सुनंनं."

मी चहा प्यायलो असेन, कप रिकामा होता. मालक सांगत गेले, मी ऐकत गेलो, आणि प्रत्येक गोष्ट डोक्यात उलटी जाऊन बसत होती. ते गाव खरंच आहे. मधे चौक आणि चौकात ते कोर्ट, घड्याळासकट. पण टांगे बिंगे काही नाहीत, निम्म्या दुकानांना फळ्या मारलेल्या. त्या लाकडी इमारती म्हणजे तिच्या आज्ज्याच्या वेळचं गाव, जसं होतं तसं. तिथं लोक त्या विकत घेऊन कपाटात ओळीनं मांडतात. मालू म्हणाली होती तसंच. तिथल्या एका लहान कारखान्यात त्या रंगवायचं काम ती करते. सही तिचीच. कॅरल काकतकर. मी तिला ड्रॉइंगचा साहेब केला होता.

मालकांनी तिला विचारलं, बाई, सरळ पत्र का नाही लिहिलंत? तर म्हणाली, 'जो' सांगायचा की त्याच्या वडलांना इंग्रजी येत नाही, पण सगळा जन्म लाकडात गेला आहे. मला वाटलं, लाकूड त्यांना कळेल.

तुला तिथं जो म्हणतात, हेही मला मालकांकडूनच कळलं.

कोर्टात तुमचं लग्न झालं होतं. तू निघून गेल्यावर तुझी पत्रं बंद झाली तेव्हा तिनं ते मला पाठवलं, कारण तू माझ्याकडे आला असशील अशी तिची आशा होती. ती विचारत होती, तो तिथं आहे काय? आणि मी तिला बिडाचं कोर्ट पाठवलं. न्हाव्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत तुम्ही पहिली दोन वर्षं राहिलात. मी आत डोकं कोरून बसलो. तिसरं ते आताचं घर, तिच्या आईचं. आणि रेघा पोरीच्या. पोरगी आहे, जोतिबा. तू गेलास तेव्हा ती पोटात होती. मालक म्हणाले, "नाक तुझं हाय, काय करणार बिचारी." ते बिडाचं दुकान दोन्ही हातांनी उचलून त्यांना दाखवायला आली होती.

माझी पत्रं तिनं फोडली नाहीत. तुझं नाव होतं ना वर. तिकडं दुसऱ्याच्या नावचं पत्र उघडत नाहीत, नवऱ्याचं सुद्धा. पार्सलावर दोघांच्या नावाची पट्टी होती म्हणून ती तेवढी उघडली. पत्रं तिनं रबर लावून खणात ठेवली आहेत, तू आलास की देईन म्हणून.

तुझ्यावर फार राग आहे. तुला शिव्या घालाव्यात असं वाटतं आणि तू जिवंत आहेस काय, खाल्लंस काय, हेही वाटतं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटायला लागलं की मला बसून राहावं लागतं. मी समजत होतो की तू माझ्याशी अबोला धरलास. तो समज मला बरा होता, असं आता वाटतं. अबोला धरणाऱ्याचा पत्ता तरी असतो.

आप्पा


काकती
१६ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. कॅरल हिस अनेक आशीर्वाद.

मी जोतिबाचा बाप. हे मी मराठीत लिहितोय. मालकांच्या सूनबाई कॉलेजात इंग्रजी शिकवतात, त्या खाली इंग्रजीत उतरवतील. त्यांना बजावलं आहे की माझं बोलणं गोड करायचं नाही.

आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. तू तीन वर्षांपूर्वी विचारलंस, ते मला आत्ता कळलं. तो इथं नाही. आलेला नाही, पत्र नाही, कुणाकडून निरोपही नाही. टेक्ससला बेळगावकडची कोण माणसं आहेत याची मालक चौकशी करत आहेत. काही कळलं तर तार करीन. चांगलं असो, वाईट असो, लपवणार नाही. तूही लपवू नकोस.

लाकूड मला कळेल असं तुला वाटलं. कळलं नाही. तू पाठवलेल्या प्रत्येक वस्तूकडे मी कामाच्या नजरेनं बघितलं आणि ती खरवडली. तुझ्या हातचा रंग मी घासून काढला. पोरीनं ओढलेल्या रेघासुद्धा घासून काढल्या. ते आठवलं की हात कशाला लावावासा वाटत नाही. ते घर माझ्याकडे जपून ठेवलं आहे, आता ते कधीच ओतणार नाही. या वस्तू नुसत्या बघायला असतात हे माझ्या लेकीनं, मालूनं, पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तिचं मी ऐकलं नाही. तिला तुला भेटायचं आहे.

मालक म्हणाले की तुला बिडाच्या वस्तू आवडल्या. पोरीला उचलायला त्या जड आहेत, एखादी पायावर पडली तर बोट मोडेल, तेव्हा खाली जमिनीवर ठेव. तिचं नाव एमी आहे असं कळलं. ते म्हणायला सोपं आहे, मी म्हणून बघितलं.

तू किती दिवस त्याची वाट बघायची हे मी सांगणार नाही. माझा मुलगा आहे म्हणून तू थांबून राहावंस असं मी म्हणत नाही. मीही वाट बघतो, पण मी म्हातारा माणूस, मला दुसरं काम नाही. पण तो येवो न येवो, या घरात तू सून आहेस आणि ती नात आहे. त्याला आपल्यामध्ये घालायची आता गरज नाही.

तेव्हा तुम्ही दोघी या. मे महिन्यात नको, पोरीला ऊन बाधेल. पुढच्या दिवाळीनंतर या, थंडी असते, जोंधळा वाऱ्यावर हलत असतो. माझ्याकडे टांगा नाही, पण गावात एक अजून चालतो, तो स्टेशनवर आणीन. इंग्रजी मला येत नाही, मराठी तुला येत नाही, तर मालू मध्ये बसेल. तिला दोन्हीतलं थोडं थोडं येतं आणि उरलेलं ती हातानं सांगते.

आणि तुझ्या खणातली पत्रं घेऊन ये. त्यांवर त्याचं नाव मी घातलं, पण मी उत्तर देत होतो ते तुला. फोडू नकोस, तिथं ती वाचणारं कुणी नाही. इथं ओसरीवर बसून मी तुला वाचून दाखवीन, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पहिल्या पत्रात तुझ्याबद्दल वाईट लिहिलं आहे. तेही वाचीन.

तुझा सासरा,
परशराम मायाप्पा काकतकर